यंत्रांचं मौन

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीपाशी बघ्यांची झुंबड उडाली होती. तारबाबा पुन्हा आले होते! इंटरनेटच्या डबीवर तळहात धरून, डोळे मिटून ते म्हणाले, “लहरींना दृष्ट लागलीय. पाचही कॉम्प्युटर बंद करा. यंत्रांना अर्धा तास मौन, मग मंत्र!”

“मागच्या वेळी मंत्रानंतर इंटरनेट काय सुसाट चाललं होतं!” हेडक्लार्कनी हात जोडले.

एक्स-रे काढणाऱ्या ताईनं मात्र आपल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आत तिचा सख्खा दीर उताणा पडला होता, शिडीवरून कोसळलेला. मानेचा फोटो बघून मोठ्या इस्पितळातले डॉक्टर सांगेपर्यंत त्याला हलवायचं नव्हतं, आणि तिकडे पाठवायला लावलेला फोटो बारा टक्क्यांवर अडून बसला होता.

“वहिनी, पायाला मुंग्या येतायत,” आतून आवाज आला.

“माझा कॉम्प्युटर बंद होणार नाही,” ती म्हणाली.

“अश्रद्धा नडते हं, ताई,” बाबा मधाळपणे म्हणाले. “आणि भोगावं दुसऱ्याला लागतं.”

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढ्यात बाकीचे चार कॉम्प्युटर बंद झाले आणि फोटो हलला. वीस टक्के, तीस टक्के. मंत्राचा तर अजून पत्ताच नव्हता! मग इंटरनेट इतका वेळ खात कोण होतं?

कुठला प्रोग्रॅम किती इंटरनेट ओढतो याची यादी तिनं उघडली. सगळ्यात वर होतं ‘तारबाबा नित्यदर्शन’. पहिल्या भेटीत बाबांनी ते पाचही कॉम्प्युटरवर बसवलं होतं, कधी बंद करू नका असं बजावून. कोपऱ्यात बाबांचा हलता चेहरा दिवसभर त्याच बारीक तारेतून येत होता. तिनं ते बंद केलं. फोटो झर्रकन गेला.

“कुंपणच शेत खात होतं की!” हेडक्लार्क पुटपुटले.

“ही माझ्या मंत्राचीच कृपा,” बाबा म्हणाले.

“तो तुम्ही म्हटलात कधी?”

तेवढ्यात मोठ्या इस्पितळातून फोन आला. “मणका सरकलाय. आडवाच आणा. बसवलंत तर पाय कायमचे जातील.”

दीर वाचला, पण ताई त्या यादीसमोरून हलली नाही. दोन महिने इथून फोटो उशिरा जात होते. तितके दिवस आपली माणसं टेबलावर विव्हळत पडली होती आणि ती स्वतः त्या चेहऱ्याला रोज नमस्कार करत होती.

“साहेब,” ती हेडक्लार्कना म्हणाली, “यादी पहिल्या दिवसापासून इथंच होती. आपण दोघांनीही बघितली नाही.”