अर्जातला दमा

"कागद आहे का?" मुलीच्या क्लासच्या सरांनी विचारलं.

"कसला?"

"दम्याचा. केसपेपर, चिठ्ठी, बिल, काहीही."

"नाही."

"मग दमा झालाच नाही. 'नाही'वर खूण करा आणि मोकळ्या व्हा, ताई. चला, पुढचे कोण?"

ती बाहेर आली. मुलीला लष्करी अकादमीत जायचं होतं. सगळा अर्ज भरून झाला होता, फक्त एक चौकट अडली होती : तेराव्या वर्षानंतर दमा झाला होता का? हो किंवा नाही. अर्ज आजच जायला हवा होता.

चौदाव्या वर्षी पोरीला धाप लागली होती, छाती घरघरत होती. आई सरकारी दवाखान्यात नर्स. डॉक्टरला दाखवलं असतं तर कागदावर कायमचा दमा चढला असता. म्हणून वॉर्डातलं वाफेचं मशीन आणि औषध हिनं न विचारता घरी आणलं. चार दिवसांत पोरगी उठली, ती आजतागायत पळतेय.

आजार लपवणाऱ्या पेशंटला हीच बाई भर वॉर्डात सोलून काढायची.

खालच्या मजल्यावरचे कॅप्टनकाका निवृत्त होते. ते म्हणाले, "खोटं लिहिलं आणि ट्रेनिंगमध्ये दम लागला, तर बिस्तऱ्यासकट गेटबाहेर."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर गेटच्या आत घेतीलच असं नाही."

"मग करू काय, काका?"

"ते ज्याचं त्यानं ठरवायचं," असं म्हणून काका कुंड्यांना पाणी घालायला लागले.

वॉर्डातले डॉक्टर हसले. "सिस्टर, खोकला लिहा. खोकला कुणाला होत नाही?"

मार्गदर्शन म्हणे! तिघांनीही स्वतःच्या अंगाला काही लागणार नाही एवढं बघून तोंड उघडलं होतं. पण हिचं तरी काय? 'नाही' लिहावंसं वाटत होतं, ते पोरीसाठी की स्वतःच्या नोकरीसाठी, हेच तिला उमगेना. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

घरी पोरगी टेबलाशी अर्ज पसरून बसली होती.

"काय म्हणाले सगळे?"

"एक नाही म्हणतो, एक खोकला म्हणतो, आणि एक झाडांना पाणी घालतो."

पोरगी हसली नाही. "आई, मला चौथा शहाणा नकोय. मी तुझी पेशंट असते, तर तू काय लिहिलं असतंस?"

"तू पेशंट नाहीयेस."

"समज, आहे."

आईनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "दमा," मग म्हणाली. "पण नक्की कसं सांगू गं? मी तपासूच दिलं नाही तुला."

पोरीनं 'हो'वर खूण केली. खाली आणखी एक ओळ होती : उपचार कोणी केले? नाव, हुद्दा, संस्था, सही.

"इथे घरगुती उपाय लिहिते," पोरगी पटकन म्हणाली.

"आण इकडे."

आईनं पेन घेतलं. नाव लिहिलं. हुद्दा, दवाखाना, औषध, मात्रा, दिवसातून तीनदा. अक्षर केसपेपरवर असतं तसं सरळ.

"आई, नोकरी जाईल तुझी."

"जाईलही. सही कुठे करायची ते दाखव."

आपण बरोबर करतोय की पोरीच्या पायावर धोंडा पाडतोय, हे तिला अजूनही कळत नव्हतं. पोरीनं जागेवर बोट ठेवलं. ते ती काढेना. आईनं त्या बोटाला वळसा घालून सही केली.