जिंकलेलं अंडं

टक्. माझ्या अंड्याला चीर गेली आणि झोर्नित्साचं लाल अंडं जसंच्या तसं राहिलं.

"हिनं पेन्का मावशीलाही हरवलं," पोरी ओरडल्या. "वर्षभर तब्येत ठणठणीत बघ आता हिची."

ईस्टरची सकाळ होती; उकडून रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं फुटत नाही तो जिंकतो. डोंगरावरच्या या सराव केंद्रात लांब पल्ल्याच्या सात धावपटू पोरी राहतात आणि एकोणीस वर्षं इथं मी रांधते. टकरीत ज्यांची अंडी फुटली त्या ती सोलून, मीठ लावून खायला लागल्या. झोर्नित्सानं आपलं खिशात टाकलं. न फुटलेलं अंडं खायचं नसतं, जपून ठेवायचं असतं, ही आमची रीतच. पण आज मी तिच्या त्या खिशाकडेच बघत राहिले.

सात आठवडे या पोरीनं ईस्टरआधीचा उपास धरला होता. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. हल्लीच्या पोरी कुठं करतात एवढं? मी कौतुकानं तिचं ताट वेगळं वाढायची आणि बाकीच्यांना टोमणे मारायची, "शिका जरा हिच्याकडून." घेवड्याचं सूप अर्धं परत यायचं, तीही मला भक्तीच वाटायची. मूर्ख बाई मी.

मग गेल्या बुधवारी राजधानीतून आहारतज्ज्ञ नेवेनाबाई आल्या. पोरींना शिकवत होत्या, मी आत कांदा चिरत ऐकत होते. "एवढं पळायचं आणि खायचं चिमणीएवढं, तर शरीर काटकसर करतं. आधी पाळी बंद पडते. मग हाडं ठिसूळ होतात, हृदय मंदावतं. पाळी गेली म्हणजे सुटलो असं समजू नका." पोरी खुदुखुदु हसल्या. माझी सुरी थांबली. नाताळात झोर्नित्सा म्हणाली होती, "मावशी, सहा महिने झाले, कटकटच नाही." आणि मी म्हणाले होते, "नशीबवान आहेस गं."

जाताना बाईंनी मला नंबर दिला. "ताटं तुम्हीच बघता. काही दिसलं तर लगेच कळवा."

तेव्हापासून मला झोप नाही. जिना उतरताना झोर्नित्सा कठडा धरते, उजवा पाय जपून टाकते.

पोरी पांगल्यावर मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. हात धरला. शेगडीजवळ उभी असून बर्फासारखा गार.

"उपास संपला ना? मग खा की."

"ते जिंकलेलं आहे."

"दुसरं देते."

"भूक नाही गं."

"पाळी आली?"

तिनं हात सोडवून घेतला.

"आणि पाय कधीपासून दुखतोय?"

"मावशी, कुणाला बोलू नकोस. ग्रोझ्दानव सर मला सरावातून काढून घरी धाडतील. जूनमध्ये संघाची निवड आहे. घरी जाऊन काय करू, आईबरोबर तंबाखूची पानं वाळवायला दोऱ्यात ओवत बसू?"

"ओवशील. जिवंत तरी असशील. मला तुझ्यासाठी भीती वाटते."

तिनं खिशातलं अंडं काढलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सोललं. "हे बघ, खाते. मग नाही ना सांगणार?"

पहिला घास तिनं नुसता तोंडात धरून ठेवला. कपाळावर घाम आला. एकोणीस वर्षांची पोर, डोंगर चढून-उतरून वीस किलोमीटर पळणारी, आणि एका उकडलेल्या अंड्याला घाबरत होती. अंडं संपायला पाव तास लागला.

"खाल्लं," ती म्हणाली. "सगळं खाल्लं."

मी फोन उचलला. नेवेनाबाईंचा नंबर दोनदा चुकला. पलीकडे घंटा वाजू लागली. मला वाटलं, आता ही ओरडेल, फोन हिसकावून घेईल. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. टेबलावरची लाल टरफलं एकेक वेचून तळहातावर ठेवत होती आणि ती पुन्हा जुळतात का ते बघत होती.