गरम नळीची ओ

तोफा तपासायच्या त्या मैदानावर एक जुनी रीत होती. बार काढण्याआधी नळी रिकामी आहे ना, हे दिव्याने पाहायचंच. शिवाय एकाने नळीच्या बुडातून हाक मारायची आणि दुसऱ्याने तोंडाशी उभं राहून ओ द्यायची. धाकटी नळ्या तपासायची, तिचा दादा तोफ उडवायचा. त्यामुळे हे काम आपसूक दोघा भावंडांकडे आलं होतं.

त्या सकाळी दोन तोफा होत्या. एकीत आजवर थंड जळणारी दारू भरली होती. तिची नळी आतून अजून गुळगुळीत. दुसरीत गरम दारू. ती गोळा लांब फेकते खरी, पण नळीचं पार वाटोळं करते. धाकटीने दिवा या गरम दारूच्या नळीत सरकवला. दारू पेटते त्या जागी आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखे तडे पडले होते. मापात मात्र नळी अजून पास होती.

"दादा!" तिने बुडातून हाक मारली.

"ओ!" नळीतून दादाचाच आवाज आला.

तिने मान वर केली. दादा लांब, थंड दारूच्या तोफेपाशी उभा होता, तोंडात पावाचा भलामोठा घास. नळीच्या तोंडाशी कुणीच नव्हतं.

"ही भिंतीआडून उडवा, दोरीने," ती म्हणाली.

"माप तर पास आहे," मैदानाचे साहेब म्हणाले. "वर कारण काय सांगू?"

"घाबरट कुठली!" दादा हसत आला. "आत बागुलबुवा बसलाय का?"

"मग तूच मार हाक." ती तोंडाशी जाऊन ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"छकुले!"

तिला फक्त हाक ऐकू आली. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्याने दोरी बांधली आणि तिचं मनगट धरून तिलाही भिंतीआड ओढलं.

"अरे, माझं स्टूल तिकडे आहे!" तपासणारीची जागा मागे वाळूच्या पोत्यांआड, तिथे आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. दादाने हात सोडला नाही.

कानठळ्या बसल्या. धूर विरला तेव्हा नळी बुडाशी उकलली होती आणि दादा रोज उभा राहायचा तिथली जमीन उकरली गेली होती.

"वाचलास रे!" धाकटीला रडू फुटलं.

दादा तिकडे बघतच नव्हता. फाटलेल्या पोत्यांतून वाळू गळत होती, आणि मागे तिच्या स्टुलात हातभर पोलाद आरपार घुसलं होतं.

"नळीतून तूही ओ दिली होतीस," तो म्हणाला.