मळ्यावरचा हात

जेवायला सांगितल्या वेळेला हजर झालेल्या माणसावर सान इनासियाचा पहिल्याच दिवशी संशय बसला.

"क्विंतिना, बाराला ये म्हटलं की बाराला कोण येतं गं?" ती कुंपणावरून मला कुजबुजली. "ज्याला लहानपणी घंटेवर उठवलंय तोच."

घंटा म्हणजे मळ्याची. आमच्या साओ तोमे बेटावर सगळेच गुलामांचे वंशज, पण आम्ही फोरो. आमचे पूर्वज फार आधी मोकळे झाले, आणि गुलामी उठली तशी उरलेल्यांनीही कोकोच्या मळ्याकडे पाठ फिरवली. मग पोर्तुगीजांनी अंगोलाहून, मोझांबिकहून जहाजं भरून माणसं आणली. त्यांना गुलाम म्हणायचं नाही, करारी म्हणायचं, एवढाच फरक. त्यांची मळ्यावर जन्मलेली मुलं ती तोंगा. स्वातंत्र्य आलं, पोर्तुगीज निघून गेले, तरी त्रिन्दाद गावात तोंगाला जावई करून घेणं कोणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. कोणाची बेडी आधी तुटली यावर आमची सगळी ऐट उभी.

सान म्हणजे आमच्या बोलीत बाई. सान इनासियाच्या दिराची मुलगी झुल्मिरा तिनेच वाढवलेली. पोरगी तिशीला टेकली होती, शिवणकामात हुशार आणि जिभेनं त्याहून. तिला दवाखान्याची जीप चालवणारा लिओपोल्दिनो आवडला. पण काकूनं हो म्हटल्याशिवाय चर्चची पायरी चढणार नाही, असं ती मला स्पष्ट म्हणाली होती. तेव्हा सगळं काकूच्या तोंडावर अडलेलं.

मी खारवलेली मासळी विकते. माशाचे डोळे बघायची सवय माणसांच्याही डोळ्यांवर जाते. म्हणून असेल, तिसऱ्या जेवणाला साक्षीला मला बोलावलं.

लिओपोल्दिनो तेव्हाही वेळेवर आला. कालुलू, म्हणजे ताडतेलातलं मासळी-पाल्याचं कालवण, वाढलं. त्यानं उकडलेल्या केळ्याच्या तुकड्यानं ताटातलं ताडतेल पुसून घेतलं. सान इनासियानं माझ्याकडे पाहिलं, नोंद झाली: मळ्यावर मोजून वाढतात, तिथेच ताट असं पुसायची सवय लागते.

"तुमचे वडील कुठले म्हणालात?"

"उत्तरेकडचे, सान."

"उत्तर मोठी आहे."

"माणसं थोडी आहेत," तो हसून म्हणाला.

"काकू, त्याला खाऊ दे," झुल्मिरा म्हणाली. "पोलीस चौकीवरसुद्धा आधी पाणी विचारतात."

"तू गप. चौकीवरच्यांना तुझ्याशी लग्न करायचं नाहीये."

जेवण झालं तसं सान इनासिया परसात गेली आणि पिकलेल्या पिवळ्या कोकोच्या फळांची टोपली घेऊन आली. त्यातलं एक टेबलावर ठेवलं, शेजारी कोयता ठेवला.

"फोडा जरा. तोंड गोड करू."

मला हसू आवरेना. मळ्यावरच्या माणसाचा हात कोयता धरल्याबरोबर बोलू लागतो. लिओपोल्दिनोलाही ते कळलं असणार, कारण त्याच्या वरच्या ओठावर घाम आला.

"मला नाही जमत, सान. मी कधी कोकोला हात लावला नाही."

"बघा तरी."

त्यानं कोयता उलटासुलटा धरला आणि फळाच्या मधोमध असा घाव घातला, की बियांचे तुकडे झाले, पांढरा गर टेबलभर उडाला, माझ्या पदरावरसुद्धा. झुल्मिराच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. असा अनाडी हात म्हणजे खानदानी फोरोच.

सान इनासिया मात्र शांतपणे खुर्चीत टेकून बसली.

"त्रिन्दादचं कुठलंही पोर," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या झाडावरून कोको चोरतं, दगडावर आपटतं आणि गर चोखतं. क्विंतिनानं चोखलाय, झुल्मिरानं चोखलाय. कधीच हात न लावलेला फोरो मी अजून पाहिला नाही. पोरांनी कोको खाल्ला म्हणून हातावर छड्या कुठे बसायच्या, सांगू?"

त्यानं कोयता खाली ठेवला. झुल्मिरा त्याच्याकडे बघत राहिली.

"बोल ना," ती म्हणाली. "माझ्याशी खोटं बोललास का तेवढं सांग. बाकीचं मी बघून घेईन."

"तुझ्याशी नाही बोललो," तो म्हणाला. "तू विचारलंच नव्हतंस. मी मळ्यावर जन्मलो. माझ्या आजीला अंगोलाहून आणलं. करार संपला की परत पाठवू म्हणाले, कोणी पाठवलं नाही. ती अजून तिथेच आहे."

"झालं तर," सान इनासिया म्हणाली. "आणि वर ढोंगही धड येत नाही. असं फोडतात का कोणी?"

तिनं रागानं टोपलीतलं दुसरं फळ उचललं. डाव्या तळव्यावर धरलं, कोयत्याच्या पात्यानं दोनदा टकटक केलं, टोक किंचित पिरगाळलं. साल दुभंगून वेगळी झाली आणि बियांचा घोस अखंड, एकही बी न दुखावता, तिच्या हातात आला.

असा हात दगडावर फळ आपटून येत नाही. बी कापली तर मुकादम पाठ सोलतो, हे पोरवयात शिकलेल्यालाच येतो. सान इनासिया लग्न होऊन त्रिन्दादला आलेली. तिचं माहेर आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला विचारावंसंही वाटलं नाही, आणि मी स्वतःला चौकस समजते.

लिओपोल्दिनोनं त्या घोसाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कुठला मळा, सान?"

तिनं घोस ताटलीत ठेवला. बोटं पदराला पुसली, मग पुन्हा पुसली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ती त्याला हाकलणार.

"तुझ्या आजीचं नाव काय?"

"वितोरिया म्हणतात. ते जहाजावरच्या पाद्रीनं ठेवलेलं. आधीचं ती सांगत नाही."

"सांगणार नाहीच," सान इनासिया म्हणाली.

झुल्मिरानं खुर्ची सरकवली आणि ती लिओपोल्दिनोच्या बाजूला जाऊन बसली. "काकू, मी तुझ्या तोंडाकडे बघतेय. हो की नाही?"

"लग्नाला त्या म्हातारीला आणायचं," काकू म्हणाली. "मळ्यावरून आणायला कोणाची तरी गाडी बघा. चर्चात पुढच्या बाकावर बसवायचं, माझ्या उजव्या हाताला. गाव काय म्हणतं ते मी बघते." मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. "आणि क्विंतिना, तू माझ्या डाव्या हाताला बसायचंस. पूर्ण वेळ."

"मी कशाला गं पुढे? मी मासळीवाली."

"म्हणूनच," ती म्हणाली. "दिवसभर गावातून फिरतेस, आणि तुझ्या तोंडाला कुलूप नाही."