टाकीचं तोंड डिकीत

ओडालिसला एकच गोष्ट खुपायची: पेट्रोलच्या टाकीचं झाकण. म्हणजे बघा ना, जुनी लांबलचक शेव्हर्ले, रंग असा की चेरीच्या पाकातून आत्ताच बाहेर काढलीय, आणि कडेला मध्येच ते झाकण! नवरीच्या गालावर मस! तिनं पत्रा डागून ते भोकच बुजवलं, वर रंग चढवला आणि टाकीचं तोंड नेलं थेट डिकीत. मग डिकीचं कुलूपही डोळ्यांत सलायला लागलं. तेही काढलं. आता बटण दाबलं की डिकी टक् करून उघडणार.

"गाडी आहे का अंडं?" एलिहिओमामा म्हणाला. पण हात काही गाडीवरून उचलेना.

मामाच्या लेकीला, नायेलीला, पंधरा पूर्ण झाली; त्यांच्यात पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाचा थाट लग्नासारखा, त्याची आज मिरवणूक. त्यांच्या हौशी गाडीवाल्यांच्या क्लबच्या सगळ्या गाड्यांपुढे नेहमी मामाच असायचा. आज पहिल्यांदा तो मान ओडालिसला!

व्हिटिअर बुलेव्हार्डच्या हमरस्त्यावर पोरांनी गिल्ला केला, "नाचव, नाचव!" तिनं चाकांवरच्या बॅटरीच्या पंपांचं बटण दाबून गाडी नाचवली की! पुढची चाकं हवेत, नायेलीचा मुकुट छताला, दोघींना हसून हसून उचक्या. आणि बरोब्बर पेट्रोल पंपासमोर इंजिन फुसकन बंद.

"भर की पेट्रोल!" मामा धावत आला.

"डिकीत भरायचंय."

"मग उघड डिकी!"

"उघडत नाही. नाचवून नाचवून बॅटऱ्या उतरल्या."

"माझ्या गाडीवरून वायर लाव ना!"

"बॅटऱ्या पण डिकीतच आहेत, मामा."

मामानं कपाळाला हात लावला. "नायेली, उतर. माझ्या गाडीत बस, मी जातो पुढे."

ओडालिसनं डिकीचं बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"मी नाही उतरणार!" नायेली म्हणाली. "पप्पा, आपल्यात गाडी जितकी हळू तितकी ऐट ना? मग ढकला!"

झालं! क्लबातले पांढऱ्या सुटातले आठ बाप्ये मागून ढकलायला लागले. गाडी निघाली, गोगलगायीला लाज वाटेल अशी. ओडालिस स्टिअरिंगवर, एक हात खिडकीबाहेर, चेहरा एकदम महाराणीचा. हसू दाबून दाबून तिचे गाल दुखायला लागले.

फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. "काय गाडी आहे! इंजिनाचा आवाजसुद्धा नाही! कुणी बांधली हो?"

"माझ्या भाचीनं!" मामा मागून धापा टाकत ओरडला. "सरका, सरका, तिला पुढे जाऊ द्या!"