डब्यावर लिहिलेलं होतं

बायको सुमन वारल्यावर ज्योतीराम बिराजदारांनी वर्षभर स्वयंपाकघरातलं काहीही हलवलं नाही. मुलगी सुखदा माणला राहायची, आयटी पार्कच्या मागच्या एका उंच इमारतीत. बाबांच्या चिंचवडच्या घरापासून अंतर तसं फार नव्हतं, पण मधल्या ट्रॅफिकपायी ती पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी यायची आणि उन्हं कलायच्या आत निघायची. अशाच एका रविवारी तिनं ओट्याखालचं कपाट आवरायला काढलं. जुने मसाले, पोरकिडे झालेली डाळ, वास मारणारं पीठ असं सगळं पिशवीत भरलं आणि मग अगदी मागून पाच लिटरचा एक पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यावर ऑलिव्हची फांदी होती आणि कोपऱ्यात इटलीचा झेंडा. तळाला चार बोटं तेल उरलं होतं.

सुखदानं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "बाबा, हे खवट झालंय. टाकते."

"राहू दे," ज्योतीराम म्हणाले. "मी बघतो."

ती गेल्यावर ते डबा घेऊन गॅलरीत बसले. हा डबा त्यांनीच आणला होता. अडीच वर्षांपूर्वी सुमनची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ऑलिव्ह ऑइल सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी ज्योतीराम मॉलमध्ये गेले. डब्यांची उतरंड रचलेली होती, वर ऑफरचा बोर्ड होता, आणि डब्यावर झेंडा. पाच लिटरचा डबा खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, "घे. थेट इटलीचं आहे." सुमननं डब्यावरून हात फिरवला होता.

ज्योतीराम औसा तालुक्यातून आयटीआय करून आलेले. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत, एकतीस वर्षं, एकच काम केलं, बाहेरून आलेला माल तपासायचं. सर्टिफिकेट बघायचं, बॅच नंबर जुळवायचा, माप घ्यायचं. सगळं बरोबर असलं तर हिरवं लेबल, नाहीतर लाल. त्यांनी भरलेले ट्रक गेटवरून परत पाठवले होते. सप्लायर त्यांना वचकून असत. घरातही तसंच होतं. शर्टाची शिवण, कुकरची रिंग, सुखदाच्या लग्नातल्या वाढप्यांच्या ओळी, काहीही असो, बिराजदारांनी बघून ठीक म्हटलं की ते ठीक.

त्या दिवशी गॅलरीत बसून त्यांनी तो डबा पहिल्यांदा वाचला. 'ऑलिव्ह' ही अक्षरं मोठी होती. त्याखाली, बरीच बारीक, 'पोमेस ऑइल' ही. मागच्या बाजूला लिहिलं होतं की रिफाइन केलेल्या पोमेस तेलात थोडं व्हर्जिन तेल मिसळलेलं आहे, आणि डबा इटलीत भरलेला आहे. पोमेस म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मोबाइल हातात घेतला.

चार दिवस ते त्यातच होते. ऑलिव्हची फळं दळून, न तापवता जे तेल निघतं ते पहिलं. त्याची आम्लता मोजतात, शिवाय जाणकार माणसं ते चाखून बघतात. दोष एकही नको आणि फळाची चव हवी, तेव्हा त्याला 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणायचं. थोडं डावं असेल तर नुसतं 'व्हर्जिन'. जे खाण्यासारखं नसतं ते रिफाइन करतात, त्याचा वास-रंग-चव सगळं काढून टाकतात, आणि नावापुरतं चांगलं तेल मिसळून 'प्युअर', 'क्लासिक' किंवा साधं 'ऑलिव्ह ऑइल' म्हणून विकतात. आणि हे सगळं निघून गेल्यावर मागे उरतो चोथा. साली, गर, बियांचा भुगा. त्यातून रसायन घालून जे शेवटचं तेल ओढतात, ते पोमेस. बेकायदा नव्हतं, भेसळ नव्हती. तळायला चालतं असंही लिहिलेलं होतं. डब्यानं काही लपवलं नव्हतं. ज्योतीरामांनी वाचलं नव्हतं, एवढंच.

पाचव्या दिवशी त्यांनी सुमनची दवाखान्याची फाइल काढली. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद त्यात होता. 'एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, दोन चमचे, कच्चं, जेवणावर वरून.' अक्षर चांगलं होतं. वाचता न येण्यासारखं काही नव्हतं.

ते हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. दीड तास थांबले आणि नंबर आल्यावर, उभ्या उभ्याच, तेलाचं विचारलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं खुर्ची पुढे केली, सांगितलं की सुमनताईंच्या हृदयाचे स्नायूच थकलेले होते, या तेलानं काही झालेलं नाही, त्या तेलानं काही थांबलं नसतं, मनातून काढून टाका. ज्योतीरामांनी मान डोलावली. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जे विचारायचं होतं ते हे नव्हतंच. आपण न वाचता डबा कसा उचलला, हे या माणसाला विचारता येण्यासारखं नव्हतं.

मग एका दुपारी ते सांगवीकडच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे बाहेरदेशच्या मालाची वेगळी मांडणी होती, आणि तेलांपाशी ॲप्रन घातलेली एक मुलगी उभी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर रुपाली असं नाव होतं. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे तिलाही बोलायला सवड होती.

"काका, पुढची बाजू बघूच नका," ती म्हणाली. "झेंडे सगळेच लावतात. बाटली फिरवा आणि मागचं वाचा."

तिनं एकेक बाटली फिरवून दाखवली. 'पॅक्ड इन इटली' म्हणजे बाटली तिथं भरली, इतकंच. फळ स्पेनचं असेल, ट्युनिशियाचं असेल. म्हणून ते वाईट असं नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे. 'शंभर टक्के इटालियन' म्हणजे फळही तिथलंच. लाल-पिवळा गोल शिक्का आणि 'डीओपी' ही अक्षरं असली तर फळ पिकवण्यापासून तेल काढण्यापर्यंत सगळं एका ठरलेल्या मुलखातलं. निळा-पिवळा 'आयजीपी'चा शिक्का असला तर त्यातलं काही काम तिथलं असलं तरी चालतं. फळ कधी तोडलं ते साल लिहिलेलं असलं तर उत्तम. काच गडद हवी, कारण उजेडानं तेल बिघडतं. आणि हिरवा रंग बघून भुलायचं नाही; चाखणारी माणसं तर रंग दिसू नये म्हणून निळ्या काचेच्या पेल्यातून चाखतात.

ज्योतीराम ऐकत राहिले. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. सर्टिफिकेट, बॅच, तारीख, माल कुठून आला. पोरगी त्यांचीच भाषा बोलत होती.

तिनं कागदी कपात चमचाभर तेल ओतून दिलं. आधी कच्च्या पाल्यासारखा वास आला, मग जीभ कडवट झाली, आणि गिळल्यावर घशात मिरीसारखं झोंबलं. त्यांना खोकला आला.

"खोकला आला ना? मग तेल चांगलं आहे," रुपाली हसून म्हणाली. मग बाटली काढता काढता तिनं विचारलं, "घरात किती माणसं?"

"एक."

तिनं हातातली मोठी बाटली परत जागेवर ठेवली आणि सगळ्यात लहान बाटली त्यांना दिली. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा, म्हणाली.

घरी येऊन त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सुखदाला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये होती. कंपनीतल्या कुणाला सांगावं तर ते हसले असते. शेवटी त्यांनी समोरच्या कुसुमताईंची बेल वाजवली. कुसुमताई सुमनपेक्षा पाचेक वर्षांनी मोठ्या. पंधरा वर्षांचा शेजार होता, पण सुमन गेल्यापासून ज्योतीराम त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. आज गेले. चहा समोर आला तशी त्यांनी डब्याची सगळी हकीकत सांगितली, कागदाची सांगितली. "डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं, ताई. मी वाचलं नाही. तिला चोथ्याचं तेल खाऊ घातलं."

कुसुमताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "भाऊ, सुमनला माहीत होतं."

ज्योतीरामांना नीट कळलं नाही.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. तिनं डबा आणून माझ्या सुनेकडून वाचून घेतला. मी म्हटलं, सांग की त्यांना, बदलून आणतील. तर म्हणाली, नको."

"नको का?"

"म्हणाली, ते किती हौसेनं खांद्यावरून घेऊन आले. आणि आजवर सगळ्यांच्या मालावर ते लाल लेबल लावत आले, त्यांच्यावर मी कसं लावू?"

मग सुनेनं एक लहान बाटली आणून दिली, कुसुमताईंनी पुढे सांगितलं. ती याच घरात, फ्रिजशेजारच्या फळीवर असायची. ज्योतीराम कंपनीच्या बसनं गेले, घरातलं आवरलं, की अकराच्या सुमाराला सुमन इकडे यायची. काकडी नाहीतर टोमॅटो चिरायची, वरून दोन चमचे तेल घालायची आणि खिडकीपाशी बसून खायची. पहिल्या वेळी ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. दोघी हसल्या होत्या. तेल संपत कसं नाही असं ज्योतीरामांनी विचारू नये, म्हणून डब्यातलं तेल ती भजी-पुऱ्या तळायला वापरायची.

"शेवटपर्यंत यायची?" ज्योतीरामांनी विचारलं.

"आदल्या दिवशीसुद्धा आली होती."

चहा गार झाला होता. त्यांनी तो पिऊन टाकला आणि घरी आले. खरं तर छातीवरचा दगड उतरायला हवा होता. सुमनला पाहिजे ते तेल मिळालं होतं, रोज, सव्वा वर्ष. पण त्यांना हलकं वाटेना. स्वतःच्या घरात, ज्या माणसाबरोबर तिनं तीस वर्षं काढली त्याला, तिला एवढंही सांगता आलं नव्हतं की अहो, तुमचं चुकलंय. त्यासाठी ती समोरच्या घरी जाऊन बसायची. आणि हे एक तेलाचं कळलं. न कळलेलं आणखी किती असेल? रोज संध्याकाळी बसमधून उतरल्यावर ते तिला दिवसभरात किती माल परत पाठवला ते सांगायचे. ती ऐकायची. ती काय सांगायची, ते आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवलं ते सगळं स्वतःचंच बोलणं होतं.

पुढचे काही दिवस ती लहान बाटली ओट्यावर तशीच बंद राहिली.

मग रविवार आला आणि सुखदा आली. येताना तिनं एक बाटली आणली होती. तो डबा खवट झाला होता ना, म्हणून तुमच्यासाठी, म्हणाली; इटालियनच बघून घेतलं. बाटली टेबलावर टेकायच्या आत ज्योतीरामांनी लेबल वाचलं होतं. 'एक्स्ट्रा लाइट'. म्हणजे रिफाइन केलेलं तेल, चवीला हलकं. चरबी मात्र तेवढीच.

"छान केलंस," ते म्हणाले.

त्यांनी तिच्यासमोरच कोशिंबिरीवर ते तेल घातलं. दोघं जेवायला बसली. सुखदा नवऱ्याच्या, श्यामच्या ऑफिसचं, लिफ्टच्या दुरुस्तीचं काही सांगत होती. ज्योतीराम हूं हूं करत चमच्यानं कोशिंबीर नुसती ढवळत होते. समोर आपलं लेकरू बसलेलं, त्यानं मायेनं काही आणलेलं, आणि आपल्याला ठाऊक आहे ते त्याला सांगायचं नाही. त्यात राग नव्हता, दुःखही म्हणता येणार नाही. फक्त टेबलाच्या या बाजूला आपण एकटेच आहोत असं वाटत होतं. सव्वा वर्ष सुमन अशी जेवली असणार, आपल्यासमोर.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "सुखदा, ही बाटली चुकीची आणलीस बाळा. रागावू नकोस. मागची बाजू वाच."

तिचा चेहरा उतरला. "हलकं म्हणजे चांगलं असेल म्हणून घेतलं मी. घाईत होते."

"मीपण घाईत होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. डबा, कागद, कुसुमताईंची फळी, अकराची काकडी. पहिल्यांदाच स्वतःची चूक त्यांनी लेकीला एवढी सरळ, मध्ये कुणावर न ढकलता सांगितली असेल. सुखदाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं हात धुतले नाहीत, बोटं ताटातच कोरडी झाली.

"मलाही फोनवर 'सगळं ठीक' एवढंच म्हणायची आई," ती अखेर म्हणाली. "आणि मी ठेवून द्यायचे."

भांडी तिनं विसळली, त्यांनी पुसली. साडेचारला तिनं घड्याळ बघितलं. दारात ती सँडलचा पट्टा लावत असताना ज्योतीराम म्हणाले, "माझं काही चुकलं तर सांगत जा."

"सांगीन," ती म्हणाली. मग वर बघून, "पण ऐकून घ्याल?"

हो म्हणणं सोपं होतं.

"माहीत नाही. बघू."

ती किंचित हसली आणि लिफ्टकडे गेली. ज्योतीराम गॅलरीत येऊन उभे राहिले. तिची पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडली आणि चौकातल्या सिग्नलला अडकली. रांग लांब होती. सिग्नल दोनदा सुटला तरी गाडी जागची हलली नाही. एवढ्या वरूनही खिडकीवर टेकलेलं तिचं कोपर दिसत होतं. ज्योतीरामांनी हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा सिग्नल सुटला, गाडी वळली, आणि तरीही बराच वेळ ते तिथेच, कठड्याला धरून उभे होते.