हाशिमसाहेबांच्या कॅसेटमधला काळा तुकडा

अरे, हातच तोडायला हवा होता माझा! बारा वर्षं बहरीनमध्ये, मुहर्रकच्या व्हिडिओच्या दुकानात मी, कमाल, एकच काम करत आलोय. नवी कॅसेट आली की मूळ टेपवरच सिनेमातला मुका पुसायचा, तिथे काळं रेकॉर्ड करायचं, मग कॉप्या काढायच्या. बायकापोरं घरी बघतात, मालकांची सक्त ताकीद. त्या सकाळी सात कॅसेटी होत्या. सातही साफ केल्या आणि मग शेवटच्या डबीवरची चिठ्ठी वाचली. ती कॅसेट खुद्द मालकांची, हाशिमसाहेबांची होती. एक कॉपी काढून माझ्या जनाबियाच्या व्हिलावर आण, काहीही कापू नकोस, असं लिहिलेलं.

हाशिमसाहेब माझे कफील, म्हणजे जामीनदार, व्हिसा त्यांच्याच नावावर. बायकोला, जुबैदाला, आणि पोरीला, इक्राला, इकडे आणायच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. इक्रा सहा वर्षांची झाली, बापाला तिने दोनदाच पाहिलंय. साहेब चिडले तर खलास, उद्याच्या विमानाने मुंबई.

दुसरी कॅसेट मिळते का म्हणून सगळ्या दुकानांत फोन केले. साठ वर्षांपूर्वीचा अमेरिकन सिनेमा कुणाकडे असणार? सगळीकडून एकच, मफी, मफी, नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी मूळ आणि कॉपी दोन्ही घेऊन व्हिलावर गेलो. ऐंशीचा म्हातारा एकटाच. "बैठ," म्हणाले आणि मूळ कॅसेटच लावली. मोठा बंगला, कोटातला हिरो जिन्यावरून गात उतरतोय, हिरॉईन रुसलेली. साहेब खुदुखुदु हसत होते. मला एसीत घाम.

"बंबई में देखा था," ते सांगू लागले. वडिलांबरोबर मोती विकायला गेलेले, लग्न नवीन. "आखिर में बीवी ने मेरी आँखों पे हाथ रख दिया. बोली, शरम करो. साठ साल, कमाल! अब वो नहीं है. आज देखूँगा."

या अल्ला! पडद्यावर बाग आली, हिरो वाकला आणि सगळं काळं झालं. आवाजसुद्धा नाही.

"मशीन बिगड़ा?"

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण खोटं बोलायला जीभ वळेना. "साहब, मैंने मिटाया. आदत से."

ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "तूने तो देखा होगा," म्हणाले. "बता."

आता काय सांगू, कपाळ! हिरो वाकला की मी पडद्यावरची नजर काढून बटण दाबतो, मग मशीनचे आकडेच बघतो. पण हे बोलायची छाती कुणाची? मान खाली घालून सांगत सुटलो. ती आधी दाराकडे बघते, कुणी येत नाही ना. मग त्याची कॉलर सरळ करते, टाचा उंचावते. रडत असते, म्हणून ओठ खारट लागतात.

सिनेमात खारट कुठून कळणार! मी जीभ चावली. साहेबांनी मशीन बंद केलं.

"कहाँ है वो?"

"कौन, साहब?"

"तेरी बीवी."

"दापोली में," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"कागज़ ला," साहेब म्हणाले. खिशात घेऊन फिरत होतो तो कागद पुढे केला आणि सही पुरी होईपर्यंत मी श्वास घेतला नाही.